झाकणावरचं बटण

५ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तू गेल्याला आठ दिवस झाले आणि घर अजून चकचकीत आहे. मला तर माझ्याच घरात पाहुणी आल्यासारखं वाटतं. कात्री कुठे, खडू कुठे, सगळं विचारून घ्यावं लागतं आणि सांगणारी तर गाडीत बसून निघून गेली. हे म्हणाले की मुंगी अजून दोन दिवस राहिली असती तर तिने आपल्या दोघांनाही धुऊन दोरीवर वाळत घातलं असतं. तुला मुंगी हे नाव ठेवणाऱ्याला खरं तर बक्षीस द्यायला हवं. ते मीच ठेवलं होतं हे विसरू नकोस.

हातांच्या व्यायामवाल्या बाईंनी रोज अर्धं पान लिहायला सांगितलंय, म्हणून हा पत्रांचा खटाटोप. शिवाय फोनवर मी नुसतं बरं आहे म्हणते, हा तुझा आरोप मला मान्य आहे. अक्षराला खोटं बोलता येत नाही. बघ, या पानावर सगळ्या वेलांट्या जागच्या जागी आहेत. उन्हाळ्यात सकाळी बोटं उठायलाच तयार नसायची आणि अकरापर्यंत साधी मूठ वळत नव्हती. आता नऊच्या सुमारास वळते. सांध्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गोळी लागू पडतेय, फक्त नेम चुकवायचा नाही. रविवारी चार, आणि बाकीच्या सहा दिवशी त्या गोळीचा त्रास होऊ नये म्हणून दुसरी, सकाळ-संध्याकाळ एकेक. रविवारची चुकूनही रोज घ्यायची नाही, हे त्यांनी मला तीनदा वदवून घेतलं, शाळेत पाढे घेतात तसं.

व्यायामवाल्या बाईंना मी माझी डब्यांची युक्ती दाखवली. औषधाच्या बाटल्यांची झाकणं दाबून फिरवायची असतात, ते माझ्या बापजन्मी जमणार नाही. म्हणून हे तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम बटणांच्या दोन डब्यांत ओततात. आईची पद्धत, आत काय आहे त्याची खूण झाकणावर चिकटवून ठेवायची. रविवारच्या डबीच्या झाकणावर लाल बटण, रोजच्या डबीच्या झाकणावर पांढरं. गोळ्या दोन्ही पिवळ्या आणि बारीक, पण बटण बघितलं की डोकं चालवायला नको. बाई खूश झाल्या, इतर पेशंटना सांगते म्हणाल्या. शिवणारणीचं डोकं आहे, काय समजलीस!

आज रविवारची डबी उचलली तर जड वाटली. आता दोन इंची डबीसुद्धा जड वाटायला लागली, म्हणजे बघ या हातांची मिजास.

बँडवाल्यांच्या बत्तीस कोटांचं काम घेतलंय. वीस मिनिटं शिलाई, दहा मिनिटं विश्रांती, असं गजराचं घड्याळ लावून. त्या घड्याळाचं नाव सासूबाई ठेवलंय, कारण ऐन रंगात आलं की ओरडतं.

माया आहे तशीच ठेव, पुढच्या वेळी मात्र माझी कपाटं सोड.

तुझी,
ताई


१० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकं हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, कुणाचं लग्न ठरलं का. वेलांट्या तपासल्या. एकही सांडलेली नाही.

तुझं घर आवरल्याबद्दल मला गाडीतच अपराधी वाटायला लागलं होतं. रोजनिशीत लिहिलंही, की मी मदत करायला गेले होते की तपासणी करायला? तुला हवं होतं कुणीतरी शेजारी बसून बटणं ओवणारं, आणि मी फडकं घेऊन फिरत राहिले. तुझ्या हातांकडे बघवत नाही म्हणून मी माझे हात सतत कशात तरी गुंतवते, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही, ही गोष्ट वेगळी.

इकडे संग्रहालयात नवं दालन उघडायचंय आणि तीनशे वस्तूंच्या चिठ्ठ्या माझ्या माथी आल्यात. भांडं, काळ, सापडल्याची जागा. साहेब म्हणतात की चुकीची चिठ्ठी लागलेली वस्तू हरवलेल्या वस्तूपेक्षा वाईट, कारण हरवलेली आपण शोधतो तरी. त्यांच्या डोक्यात हे इतकं बसलंय की प्रत्येक चिठ्ठी मी दोनदा ताडून बघते आणि तरी घरी आल्यावर वाटतं, कुलूप लावायच्या आधी तिसऱ्यांदा बघायला हवं होतं.

एक विचारायचं राहिलं. दर महिन्याचं रक्त तपासून झालं का? डॉक्टरीणबाईंनी ते गोळीइतकंच महत्त्वाचं म्हटलं होतं, माझ्यासमोर. हसण्यावारी नेऊ नकोस.

भावोजींना नमस्कार. त्यांच्या लिफ्टा वर-खाली होत राहोत आणि तुझा लोभ मात्र फक्त वर जावो.

तुझी,
मुंगी


१७ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुला एक बातमी द्यायची आहे आणि ती चांगली आहे, म्हणून आधी सांगते. माझे हात सुटलेत! काल सकाळी साडेसातला मी दुधाच्या पिशवीचं टोक स्वतः कापलं. हे दाढी करत होते, ते तसेच फेसासकट बघायला आले. मनगटाची सूज उतरलीय, अंगठ्याच्या मुळाशी जो ठणका असायचा तो कुठे गेला कळत नाही. अकरा कोट झाले. सासूबाई ओरडल्या तरी पाच-पाच मिनिटं मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

बाकी किरकोळ. तोंड आलंय. जिभेच्या कडेला आणि गालाच्या आतून फोड आहेत, चहा घेतला की डोळ्यांत पाणी येतं. नवीन टूथपेस्टचा दोष असणार, ती बदलली. जेवण जात नाही. पातळ सूप आणि दुधात बुडवलेला पाव, असं म्हातारीचं खाणं चाललंय. हे म्हणतात की तोंड बंद राहिल्यामुळे घरात शांतता आहे, तेवढाच त्यांना फायदा.

रक्ताचं म्हणशील तर गेले नाही. रागावू नकोस. तपासणीची वेळ सकाळची, आणि आत्ता कुठे सकाळी हात चालायला लागलेत. ती सकाळ दवाखान्याच्या बाकड्यावर घालवायची माझी तयारी नाही. कोट दिले की जाईन. इतके महिने सगळं नीटच आलं होतं.

केस जरा जास्त गळतात. फणीत येतात तेवढे मोजायचे नाहीत असं ठरवलंय.

तुझ्या साहेबांचं बोलणं ह्यांना फार आवडलं. ह्यांनी ते लिफ्टच्या बटणांना लावून बघितलं. म्हणाले, चौथ्या मजल्याचं बटण सहाव्याला लागलं तर माणूस हरवत नाही, नुसता चुकीच्या दारात किल्ली घालत बसतो.

रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबवू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ताई


२१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलेच आहे. तरी लिहितेय, म्हणजे तुझं मागणं पुरं झालं.

तुझे हात सुटले हे वाचून मी खुर्चीवरून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. आनंद झाला हे खरंय. पण त्याच पानावर तोंडाचे फोड, गळणारे केस, न जाणारं जेवण. मी ते पान तीनदा वाचलं. आधी मनाला समजावलं की मी अशीच आहे, मला चांगल्या बातमीतही सुरकुती शोधायची सवय. मग वाटलं की सवयीला नावं ठेवून मी कशाकडे दुर्लक्ष तर करत नाही ना? रात्री रोजनिशीत दोन्ही बाजू लिहून काढल्या आणि दोन्ही पटल्या. असल्या डोक्याचं काय करावं?

आणखी एक. तुझ्या वेलांट्या जागेवर आहेत पण शेवटच्या चार ओळी खाली उतरत गेल्यात, कागद धरून ठेवायचा कंटाळा आल्यासारख्या. दमलीस का? खरं सांग.

डॉक्टरीणबाईंना फोडांचं कळव. रक्त दे. भावोजींना सांग की मी सांगितलंय, त्यांनी तुला उचलून न्यावं. मला स्वतःला यायचं होतं, पण नवं दालन एक तारखेला उघडतंय आणि मला सर्दीने धरलंय. अशी नाक ओढत आले तर तूच दारातून परत पाठवशील.

तुझ्या एका ओळीची वाट बघणारी,
मुंगी


२७ ऑक्टोबर

चि. मुंगीस, आशीर्वाद.

आज थोडंच लिहिते. तीन दिवस ताप आहे. घसा असा दुखतो की थुंकी गिळायच्या आधी विचार करावा लागतो. हवा बदललीय, सगळीकडेच साथ आहे म्हणे. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. दंडावर निळे डाग उठलेत, कुठे आपटले आठवत नाही. टेबलाच्या कडेला लागत असेल. हे डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागलेत. मी म्हटलं शुक्रवारपर्यंत बघू. एकोणीस कोट झालेत. जिना चढताना मध्ये बसावं लागतं.

पण गंमत सांगू? बोटं मात्र कशी फुलासारखी. सगळं अंग म्हातारं झालं आणि हात तेवढे तरुण राहिले.

रोजची डबी तळाला आलीय. उद्यापुरत्या दोनच उरल्यात. रविवारची मात्र अजून खच्चून भरलेली आहे. सुट्टीच्या दिवशी सगळेच आळशी, गोळ्यासुद्धा. हे शनिवारी औषधवाल्याकडून रोजच्या आणखी आणणार आहेत, तोवर चार दिवस खाडा.

तुझी सर्दी कशी आहे? वाफ घे. मला आता पडायला हवं.

ताई


२ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे. फोनवर तू रडतेस आणि मग मलाही धड सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

गुरुवारी तुझा फोन कंपनीत आला तेव्हा मी दोन मजल्यांच्या मध्ये होतो. खालून ओरडून सांगितलं की मेहुणी म्हणते ताबडतोब घरी जा आणि बायकोला हॉस्पिटलात ने, दोन्ही डब्या बरोबर घे. मला आधी राग आला, खरं सांगतो. म्हटलं मुंगीला कसली तरी शंका आली असणार. घरी जाऊन बघतो तर ही कापायच्या टेबलावर डोकं टेकून बसलेली, हाताखाली कोटाची बाही, आणि ओठाच्या कडेला वाळलेलं रक्त.

डॉक्टरीणबाईंनी डब्या उघडल्या आणि आमच्याकडे बघितलंच नाही, आधी इंजेक्शन सांगितलं. मग म्हणाल्या की रविवारची गोळी ही रोज घेत होती. आठवड्याला चार जायच्या तिथे बारा गेल्या, आणि तेही चार आठवडे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात. म्हणून तोंड, म्हणून ताप. साधी सर्दी झालेला माणूसही आत सोडत नाहीत. मी तोंडाला फडकं बांधून काचेबाहेरून बघतो. तू येऊ नकोस, तुझी सर्दी तिला महागात पडेल. इंजेक्शन म्हणजे रोजच्या गोळीचीच सख्खी बहीण आहे म्हणाल्या. जी डबी खच्चून भरलेली होती, तिच्यातच उतारा पडून होता.

कालच्यापेक्षा आज ताप अर्ध्या अंशाने कमी आहे. डॉक्टरीणबाई मात्र सोमवारच्या तपासणीपर्यंत थांबा म्हणतात.

गोळ्या ओतणारा मीच. लाल डबीत कुठली आणि पांढऱ्या डबीत कुठली हे मी तुझ्यासमोरच बाटल्यांशी जुळवून घेतलं होतं, असं मला पक्कं आठवतं, आणि तरी चूक झाली. तीस वर्षं मी लोकांना दोरावर टांगलेल्या खोक्यात वर नेतो, एकदा चूक नाही. आणि स्वतःच्या बायकोच्या गोळ्या उलट्या ओतल्या. जेवायला बसलो की हेच.

तिला कळलं तेव्हा ती खुणेने म्हणाली की ही गोळी पुन्हा घरात नको. मीही तसंच ठरवलंय. डॉक्टरीणबाई सांगतात की बरी झाल्यावर गोळी पुन्हा सुरू करावी लागेल, नाहीतर सांधे कायमचे जातील, दोन वर्षांत सुईच काय चमचा धरता येणार नाही. मी ऐकून घेतलं. नवी बाटली आणणार नाही. त्या गोळीत विष आहे आणि माझ्या हातांवर माझा भरवसा नाही. संपलं.

जपून राहा.

तुझे,
भावोजी


७ नोव्हेंबर

ती. ताईस आणि ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. आधीच्या तिन्ही पत्रांत मी स्वतःला थोडं थोडं वाचवलं होतं. हे एकदम लिहून पाकिटात घालणार आहे.

सोमवारच्या तपासणीत पेशी वर यायला लागल्यात हे फोनवर कळलं. त्याआधी हे लिहायचं धाडस मला झालं नाही. हेही माझ्या नावावर मांडा.

ताईचं सत्तावीस तारखेचं पत्र गुरुवारी मिळालं. गोळ्या ओतताना मी शेजारी होते, म्हणून आकडे मला ठाऊक होते. रविवारच्या बावन्न, रोजच्या एकशे छप्पन्न. महिन्याभरात एकशे छप्पन्नवाली डबी रिकामी होईल आणि बावन्नवाली खच्चून भरलेली राहील, हे शक्य नव्हतं. तिथून मी फोनकडे धावले. तोवर मलाही वाटत होतं की ओतताना काहीतरी झालं असेल.

भावोजींचं पत्र आलं आणि त्यात ‘मला पक्कं आठवतं’ हे वाचलं. तेव्हा मी रोजनिशी काढली. सत्तावीस सप्टेंबरचं पान जसंच्या तसं उतरवते. ‘ताईच्या टेबलावरच्या डब्या फार चिकट झाल्या होत्या, मशीनच्या तेलाचे हात. झाकणं गरम पाण्यात घासली, बटणं नव्यासारखी चमकली. डब्यांवर रुमाल टाकून टेबल पुसलं, झाकणं वाळल्यावर लावली. हात कामात असले की बरं वाटतं.’

टेबल पुसताना मी डब्या उचलल्या. परत ठेवताना कुठली डावीकडे होती, ते माझ्या रोजनिशीत नाही. माझ्या डोक्यातही नाही. आत काय आहे ते मी बघितलं नाही. झाकणावर बटण होतं ना, मग बघायचं कशाला? दिवसभर इथे चिठ्ठ्या दोनदा ताडणारी मी, तुझ्या घरी एकदाही ताडली नाही. पाच ऑक्टोबरच्या पत्रात तू डबी जड लागते म्हणालीस, आणि आपण दोघींनी दोष तुझ्या हातांना दिला.

भावोजी, तुम्ही बरोबर ओतल्या होत्या. तुमची आठवण खरी आहे. मी हे लपवून ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, आणि दोन दिवस मी तो विचार केला. पण मग ती गोळी पुन्हा घरात आलीच नसती, ताईचे हात गेले असते, आणि तेही माझ्याच झाकणाखाली. गोळीने काही केलेलं नाही. तिने सांगितलं ते काम केलं, फक्त चुकीच्या दिवशी मागितलं गेलं. तिला नाही म्हणू नका. डॉक्टरीणबाई म्हणतील तसं करा.

क्षमा मागायचं धाडस आज नाही. लोभाबद्दल काही लिहीत नाही, तो उरला असेल तर तुम्हीच कळवा.

मुंगी


२३ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

घरी येऊन सहा दिवस झाले. तुझ्या पत्राला इतका उशीर मुद्दाम केला, असं तुला वाटत असेल. पहिले चार दिवस खरंच मुद्दाम केला. मला तुझा राग आला होता, आणि आजारी माणसाचा राग मोठा असतो, त्याला दुसरं काम नसतं. पुढचा उशीर हातांचा आहे. अक्षर बघ. गोळी बंद होऊन महिना होत आला आणि बोटं जुन्या रस्त्याला लागली. आज पावणेबाराला मूठ वळली. हे पत्र तीन दिवसांत मिळून लिहिलंय, सासूबाईंना विचारून.

बँडवाल्यांचे उरलेले तेरा कोट दुसरीकडे गेले. एकोणीस कोटांची बटणं माझ्या हातची आणि तेराची कुणाची तरी. वाजवताना कळणार नाही म्हणा.

तुझं पत्र ह्यांनी मला काचेपलीकडून वाचून दाखवलं. मध्येच थांबले, पाठ फिरवून उभे राहिले. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा पोटभर जेवले, असं परिचारिकेने सांगितलं.  तुझ्याबद्दल फक्त म्हणाले की मुंगीला ओझं उचलता येतं ते खरं, पण ती आपल्या अंगाच्या दुप्पट उचलते.

डॉक्टरीणबाईंनी मात्र आपल्या तिघांनाही सोडलं नाही. म्हणाल्या, औषध त्याच्या बाटलीतून काढायचंच कशाला? आम्ही झाकणाचं रडगाणं सांगितलं. तर त्यांनी औषधवाल्याला एक फोन केला आणि त्याने साध्या फिरकीच्या झाकणाची बाटली पाठवली. मलाही उघडते. तसं मागितलं की मिळतं, मुंगी. इतके महिने आम्ही फक्त मागितलं नव्हतं.

मी घाबरलेय. हे लिहून ठेवते, कारण फोनवर मी बरं आहे म्हणेन. रक्त ठीक आलं तर पुढच्या रविवारी पुन्हा सुरू करायचं, आधी दोनच, आणि दर आठवड्याला तपासणी. ती बाटली कपाटात आहे आणि मी त्या कपाटासमोरून जाताना तिच्याकडे पाठ करते. चार भिंतींत आपल्याबरोबर कुणीतरी राहायला आल्यासारखं वाटतं. पण काल कपाचा कान धरता आला नाही, चहा दोन्ही तळव्यांत धरून प्यायला. तेव्हा ठरवलं, घेणार.

बाटलीवर बारीक अक्षरं आहेत, ती मला दिसत नाहीत. म्हणून लाल कापडाची पट्टी कापून ठेवलीय. ती बाटलीच्या पोटाला घट्ट शिवायची आणि तिच्यावर ते लाल बटण लावायचं. झाकणं मग कुणीही कितीही घासू देत.

सुई मला धरता येत नाही. ह्यांना मी धरू देत नाही. तेव्हा शनिवारी ये, सर्दी नसेल तरच. बटण तू लावायचंस. मी शेजारी बसून बाटलीवरचं नाव तुझ्याकडून दोनदा वाचून घेणार आहे, आणि मग तिसऱ्यांदा.

फडकं आणू नकोस. बाकी लोभ जागच्या जागी आहे, तो तुला हलवता आलेला नाही.

तुझी,
ताई